उजेडातले गडी

हिंदुराव मगदूम मैदानात शिरले, तसे समोर कबड्डीचे सात गडी उजेडातून उभे राहिले. त्यांच्याच तरुणपणीच्या एका सामन्याच्या चित्रफितीवरून ते घडवलेले होते. हिंदुरावांच्या छातीवरचा पट्टा श्वास मोजायचा आणि तेवढ्याच संथपणे गडी हलायचे. यंत्रमागांच्या कापूसधुळीनं फुप्फुसं निकामी झालेल्यांसाठी या उपचार केंद्रात हाच व्यायाम होता. हिंदुराव चढाईला जायचे आणि रोज सुखरूप परत यायचे.

त्या सकाळी मात्र ते मध्यरेषेवरच थांबले.

"शर्वरी, आज ह्यांना मला पकडायला लाव की."

व्यायाम घेणारी शर्वरी हसली. "काका, उजेडाला कसं पकडता येईल?"

"तो डाव्या कोपऱ्यातला दत्तू, माझा दोस्त. मनगट धरलं की सोडायचा नाही. जाऊन किती वर्षं झाली त्याला. रोज समोर दिसतो, पण धरत नाही गं."

तेवढ्यात बाकावर बसलेल्या अक्काताई कुरणे उठल्या. त्याही इथल्याच रुग्ण. नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत त्या डाव्या कोपऱ्यात, दत्तूच्या उजेडातच जाऊन उभ्या राहिल्या.

"या, मगदूम," त्या धापा टाकत म्हणाल्या.

हिंदुराव "कबड्डी, कबड्डी" म्हणत पुढे गेले. अक्काताईंनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. हिंदुरावांनी सुटायची धडपड केलीच नाही. दम तिथंच संपला.

"बाद," शर्वरी हळूच म्हणाली.

अक्काताई हात काढून घेऊ लागल्या.

"थोडा वेळ धरा," हिंदुराव म्हणाले.