पाचव्या पानावरची बातमी

कृष्णातने पेपरातला आतला कागद काढला, घडी घातली आणि सदऱ्याच्या आत सरकवला. सात वाजायला दहा मिनिटे होती. न्हाणीघरातला तांब्याचा आवाज थांबला होता. शिवानंदबुवा कोणत्याही क्षणी ओसरीवर येणार होते.

बातमी बोटभर होती. 'कुरुंदवाड, प्रतिनिधीकडून. रविवारी सकाळी येथे झालेल्या मैफलीत कोडोलीचे तरुण गायक कृष्णात चौगुले यांनी तासभर तोडी गायली.' त्यापुढे त्याने वाचलेच नाही. नाव आडनावासकट छापले होते, तेवढे पुरे होते.

बुवांचा नियम साधा होता. ते सांगतील तेव्हाच लोकांसमोर बसायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा आधीचा शिष्य जोतीराम न विचारता गणेशोत्सवात गायला. संध्याकाळी त्याची वळकटी फाटकाबाहेर होती. आता तो पेठ वडगावात भावाच्या दुकानात खत विकतो.

कृष्णातला गाणे शिकायला या घरात येऊन पाच वर्षे झाली होती. पुण्या-मुंबईची नावाजलेली मंडळी गाण्यात कुठे अडली की दोन दिवस काढून कोल्हापूरला याच ओसरीवर येत. गेल्या महिन्यात एक मोठी गायिका इथे बसून रडली होती. बुवांनी कोणाला चांगले म्हटल्याचे कोणी ऐकले नव्हते. फार खूश झाले तर 'हं' म्हणत.

शनिवारी बुवा आणि त्यांची बायको मल्लव्वा शिरोळला पाहुण्यांकडे साखरपुड्याला गेले होते. त्याच रात्री शिरोळशेजारच्या कुरुंदवाडच्या मंडळाचा निरोप आला. रविवारी सकाळी ठरलेला गायक आजारी होता. एकदाच लोकांसमोर बसून बघावे, असे कृष्णातला वाटले. माझे नाव कुठे देऊ नका, असे त्याने तिथे तीनदा सांगितले होते.

बुवा आले, भिंतीला टेकून बसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरले होते. तोवर पेपर वाचून दाखवायचे काम कृष्णातचे.

त्याने पहिले पान वाचले. उलटले. दुसरे वाचले. उलटले. शेवटच्या पानावरचा क्रिकेटचा निकाल वाचून पेपर मिटला.

"दोनदाच उलटलास," बुवा म्हणाले. "रोज चारदा उलटतोस."

"आज पानं कमी हाईत, बुवा."

"गुळाचा भाव न्हाय आला आज? कोल्हापुरात?"

कृष्णात उठला. "आतला कागद बाहेर पडला असंल. बघतो."

फाटकापाशी जाऊन त्याने सदऱ्यातून घामाने भिजलेला कागद काढला. परत येऊन पेपरात घातला. बुवांनी हात पुढे करून तो चाचपला.

"वला कशानं?"

"दवानं."

"हं," बुवा म्हणाले. "वाच."

तिसरे पान झाले. चौथ्यावर गुळाचे भाव होते, ते झाले. मल्लव्वा चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून तिथेच थांबल्या.

"काय रे, आवाज का कापतोय तुझा? ताप हाय काय?"

"न्हाय, अव्वा."

"तोडीत जिथं हलवायला पायजे तिथं हलत न्हाई ह्याचा आवाज," बुवा म्हणाले, "आन् गुळाच्या भावात हलतोय."

मल्लव्वा हसल्या. कृष्णातने कागदाचे कोपरे मांडीवर दाबून धरले.

पाचवे पान. बुवा भिंतीपासून सुटून पुढे झुकले. एरवी ते डोळे मिटून ऐकत. आज उघडे होते, आणि काही दिसत नसताना कागदावरच खिळलेले होते.

त्याने साखर कारखान्याची सभा वाचली. एसटीच्या नव्या फेऱ्या वाचल्या. मग तो थांबला.

"फुडं?"

"जाहिराती हाईत."

"जाहिराती न्हवं. कुरुंदवाडचं काय न्हाय?"

"हाय की," तो म्हणाला. "घाटाच्या पायऱ्या दुरुस्त करणार हाईत. मंजुरी मिळाली."

"आनि?"

"बस्स."

"नीट बघ. बारीक अक्षरात असंल."

"न्हाय, बुवा. पायऱ्यांचंच हाय."

बुवांनी चहाला हात लावला नाही. मल्लव्वांनी कृष्णातकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले आणि त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. अव्वांनाही ठाऊक आहे तर, कृष्णातला वाटले. त्याने मनातल्या मनात सामान मोजले. एक ट्रंक, एक वळकटी. कोडोलीची एसटी साडेनऊला. वडिलांना काय सांगायचे, ते मात्र सुचेना.

"फोन आन हिकडं," बुवा म्हणाले. "पेपरच्या कचेरीत लाव. नंबर कॅलेंडरवर लिवलाय हिनं."

कृष्णातने वायर ओढत फोन आणला. आता पेपरवाला बुवांना ती बातमी वाचून दाखवणार होता. त्याआधी आपणच सांगितलेले बरे.

"बुवा, मला एक सांगायचं हाय."

"आधी फोन."

"बुवा, मी रविवारी…"

"लाव म्हंटलं न्हवं?"

दोनदा बोट चुकले. तिसऱ्यांदा पलीकडून कोणीतरी 'हॅलो' म्हणाले. कृष्णातने रिसीव्हर बुवांच्या हातात दिला, दोन पावले मागे सरकला आणि हात जोडून उभा राहिला.

"शिवानंद बोलतोय," बुवा फोनमध्ये म्हणाले. "शिरोळात कानावर आलं म्हणून रविवारी मागल्या रांगेत बसून आमच्या पोराचं गाणं ऐकलं आन् सोमवारी तुमाला बातमी सांगितली, आज बुधवार झाला. तोंडावर चांगलं म्हणायला जमत न्हाई मला, म्हणून ह्याच्याकडनंच वाचून घेणार हुतो, तर अजून का छापली न्हाईसा?"