सगळ्यांचे बारा

एकोणीस जोखमी, आणि एकूण एक बाराच्या! तपासनीस बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि यादी वरून खाली परत वाचली. बाराच.

तसा हिशेब साधा असतो. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती देण्याआधी त्यात काय काय बिघडू शकतं, त्याची यादी करायची. बिघडण्याची शक्यता किती, त्याला एक ते पाचमधला आकडा. बिघडलंच तर नुकसान किती, त्यालाही एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार करायचा. तो पंधरा किंवा त्याहून वर गेला की यादी मोठ्या साहेबांकडे जाते आणि काम जिथल्या तिथं थांबतं. आता पाचपर्यंतचे कुठलेही दोन आकडे घ्या, गुणाकार तेरा येत नाही आणि चौदाही येत नाही. पंधराच्या अलीकडे बाराच. खरी यादी कशी वेडीवाकडी असते, कुठं दोन, कुठं वीस. ही सगळी एका उंचीची पोरं रांगेत उभी केल्यासारखी होती. पाणी कुठंतरी मुरत होतं.

"काय हो, सगळ्यांचे बाराच कसे वाजले?" बाईंनी विचारलं.

टीमचा प्रमुख हसला. त्याला सगळे दादा म्हणत. "मॅडम, आठ दिवस डोकी फोडलीत यावर. एकेक आकडा चर्चा करून टाकलाय. तुम्ही आधी चहा घ्या बघू."

चहा दोनदा येऊन गेला होता. मघाशी कुणीतरी खिडकीचा पडदा ओढला, कुणीतरी बाईंसाठी पाठीला उशी असलेली खुर्ची आणली. एवढी सरबराई तर वरमाईचीही होत नाही. नोकरीच्या बावीस वर्षांत बाई एक शिकल्या होत्या, खुर्ची जितकी मऊ तितकी यादी नीट वाचायची.

सोमवारपासून शहरातल्या सगळ्या अँब्युलन्स याच सॉफ्टवेअरवर चालणार होत्या. फोन आला की जवळची गाडी आपोआप निघणार. आता फक्त बाईंची सही बाकी होती.

त्यांचं बोट सतराव्या ओळीवर थांबलं. "हे काय आहे, सोप्या भाषेत सांगा."

"ते होय? किरकोळ आहे," दादा म्हणाला. "एका अपघाताचे दहा जण फोन करतात, मग दहा गाड्या धावतात. म्हणून एका पत्त्यावरून पाठोपाठ दोन फोन आले, तर सॉफ्टवेअर ते एकच धरतं."

"आणि एकाच इमारतीत दोन वेगळी माणसं आजारी पडली तर?"

"तर... कधीमधी दुसरा फोन बंद होतो."

"म्हणजे दुसऱ्याला गाडी जात नाही."

"शक्यता तीनच आहे, मॅडम."

"शक्यतेचं मी विचारतच नाही. नुकसान चार लिहिलंय. चार म्हणजे काय, वाचा जरा."

भिंतीवर तक्ता होता. दादानं मान वळवली नाही. बाईंनीच वाचलं, "चार, मोठी गैरसोय. पाच, जीव जाऊ शकतो." त्या थांबल्या. "छातीत कळ आलेला माणूस वाट बघत बसला आणि गाडी आलीच नाही. ही त्याची गैरसोय का हो?"

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"मॅडम, तीन पाचे पंधरा होतात, ते मलाही कळतं. पण तारीख दोनदा पुढे ढकललीय. तिसऱ्यांदा ढकलली तर हे काम दुसऱ्या कंपनीकडे जाईल. या खोलीतली अकरा माणसं रस्त्यावर येतील. महिन्याभरात दुरुस्त करतो, शब्द देतो. तोवर काही होत नाही हो!"

बाईंना त्याचा राग आला आणि कीवही आली. अकरा माणसं खरी होती, समोर बसली होती. पेन त्यांच्या हातातच होतं. क्षणभर वाटलं, करून टाकावी सही, महिन्याचा तर प्रश्न आहे. आपण तरी कुणाच्या पोटावर पाय का द्यावा?

"ही चूक सापडली कुणाला?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या एका प्रोग्रॅमरकडे गेल्या. चाळिशीचा, पाठीत किंचित वाकलेला. दिवसभरात चार वाक्यंही बोलत नाही, म्हणून त्याला मुनी म्हणत. आताही तो मिठाची गुळणी धरल्यासारखा बसला होता.

"चार तुम्ही लिहिलेत?"

मुनीनं दादाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. झालं, उत्तर मिळालं. पण असल्या मुक्या उत्तरावर कागदावर काही लिहिता येत नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"बरं, ते राहू द्या. मला एवढंच सांगा. सोमवारनंतर तुमच्या घरी कुणाला बरं वाटेनासं झालं, तर याच नंबरवर फोन कराल ना?"



"नाही," मुनी खालमानेनंच म्हणाला. "घरी सांगून ठेवलंय. सोमवारपासून तो नंबर लावायचा नाही. सरळ टॅक्सी बोलवायची."

"अरे!" दादा ताडकन उठला. "घरी सांगितलंस? आपलं काय ठरलं होतं? कधी सांगितलंस तू हे?"

मुनीनं आता मान वर केली.

"तुम्ही जिन्यात उभं राहून वहिनींना फोनवर हेच सांगत होता ना, दादा," तो म्हणाला, "त्याच संध्याकाळी."