फुल चार्ज

शूटिंगच्या आवारात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये ती कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायची. तिला भेटायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून कॅमेरामन दर अर्ध्या तासाने अर्धीमुर्धी उतरलेली बॅटरी घेऊन हजर व्हायचा. आज तर त्याने कहरच केला. त्याची बॅटरी चार्जरला लावताच चारही हिरवे दिवे लागले.

"अहो, ही तर गच्च भरलेली आहे!"

"असं कसं? सकाळपासून चार शॉट झालेत," त्याने ठोकून दिलं.

"चार शॉट? आज शूटिंगला सुट्टी आहे."

त्याचे कान लालबुंद झाले. पळ काढायला तो वळला, व्हॅनची पायरी उतरला, आणि एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मग तुम्ही व्हॅन उघडून का बसलात?"

ती घाईघाईने वायर गुंडाळायला लागली. वायर आधीच गुंडाळलेली होती.