प्रात्यक्षिक

पिलाटिस हा व्यायामप्रकार शिकवता यावा म्हणून गौतमी देत असलेली परीक्षा चालू होती. पहिल्या महायुद्धात जखमींना पडल्या पडल्या व्यायाम करता यावा म्हणून खाटांना स्प्रिंगा कशा बांधल्या, हा इतिहास गौतमीने घडाघडा सांगितला. आता प्रात्यक्षिक उरलं होतं. त्यासाठी आलेल्या साठीच्या कुंदाताई समोर गादीवर आडव्या पडल्या होत्या.

"हनुवटी छातीकडे घ्या आणि एकेक मणका उचलत उठा."

कुंदाताई अर्ध्यावर आल्या आणि कुजबुजल्या, "अगं, माझा उजवा पाय मला जाणवतच नाहीये."

गौतमीने त्यांच्या पाठीला हात देऊन त्यांना तिथेच थांबवलं.

"पहिल्यांदा करणारे सगळेच घाबरतात, चालू ठेव," परीक्षक बाई म्हणाल्या. "अर्धवट सोडलंस तर नापास करावं लागेल."

"करा मॅडम. मी थांबतेय." तिने कुंदाताईंना अलगद खाली टेकवलं आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं स्थिर धरलं. "अजिबात हलू नका. अँब्युलन्स बोलवा कुणीतरी!"

गाडी येईपर्यंत कुंदाताई एकच विचारत होत्या, "पायाचा अंगठा हलतोय का गं?"

अंगठा हलत नव्हता. "मी बघतेय," एवढंच गौतमी म्हणत राहिली.

स्ट्रेचरवर घेताना तो किंचित थरथरला.

"हलला, कुंदाताई!" गौतमी ओरडली.