दाराखालची फट

“तुम्हाला कोणी मारलं? धमकावलं?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

वायरमनने खाली पाहिलं. “नाही.”

“कबूल केलंत तर सोडू, असं कोणी म्हणालं?”

पुन्हा खाली. “नाही.”

टायपिस्टची बोटं चालली आणि थांबली. गोदामाच्या आगीत रखवालदार गेला होता. आग आपणच लावली हे सांगायला वायरमन स्वतःहून तयार आहे, असं पोलिसांचं पत्र न्यायाधीशबाईंच्या टेबलावर होतं. ते त्याच्या तोंडून ऐकण्याआधी एवढे प्रश्न विचारायचे, असा नियम. नीट विचार करायला त्याला सकाळपासून तीन तास दिले होते, याच खोलीत, याच खुर्चीत. आता एकच प्रश्न उरला होता. त्यानंतर तो बोलेल ते कागदावर जाणार, आणि कागदावर गेलेलं परत घेणं फार थोड्यांना जमतं.

“पाठ करून आलाय,” टायपिस्ट हळूच म्हणाला. “एक उत्तर चुकत नाही. उरका बाई, पोटात कावळे कोकलतायत.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. चुकत नाही, हेच त्यांना मघापासून टोचत होतं. शिवाय प्रत्येक उत्तराआधी तो खाली बघायचा, डावीकडे, एकाच जागी. शरमेने झुकलेली मान सरळ खाली जाते.

“पाणी हवंय?”

त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. त्याने खाली, डावीकडे पाहिलं.

“नको.”

या प्रश्नाचं उत्तर कोणी पाठ करून येत नाही.

बाई उठल्या. ग्लास भरून टेबलाला वळसा घालून त्याच्या खुर्चीपाशी आल्या. त्यांच्या जागेवरून टेबलाआड दाराचा वरचा अर्धाच भाग दिसायचा. इथून अख्खं दार दिसत होतं. खाली चार बोटांची फट. फटीत बाहेरचा उजेड, आणि उजेडात दोन काळे बूट, टोकं आतल्या बाजूला. उजवं टोक मधूनच उचललं जात होतं, पुन्हा टेकत होतं.

त्यांनी दार उघडलं. सकाळी सलाम ठोकून गेलेला तपास अधिकारी.

“मी कुठे आत आलोय, मॅडम? दाराबाहेरच उभा आहे की.”

“तुम्ही बाहेर आहात. तुमचे बूट आत आहेत.”

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

“फाटकाबाहेर जा. मी खिडकीतून बघतेय.”

बूट जिन्यावर वाजले, मग आवारात. तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. ग्लास हातातच होता.

“बोललो नाही,” मागून वायरमन म्हणाला, “तर परत त्यांच्याच कोठडीत ना?”

“नाही. बोला, नाही तर गप्प राहा, इथून तुम्हाला त्यांच्या ताब्यात देता येत नाही. तुरुंगात जाल, त्यांच्याकडे नाही. सकाळीच सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं.” त्याने दाराकडे मान हलवली. “तेव्हाही होते ते तिथे.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तीन तास. त्या समोरच बसून फाइली वाचत होत्या.

“पुसून टाकू सगळं?” टायपिस्टने विचारलं.

“नको. खाली लिहा. वरची उत्तरं देताना आरोपीला दाराखाली तपास अधिकाऱ्याचे बूट दिसत होते.”

“बूट? असंच लिहू?”

“असंच. मग नवं पान घ्या. आणि विचार करायला दिलेला वेळ आतापासून मोजा. पूर्ण तीन तास.”

टायपिस्टने पोटावर हात ठेवला, मग टाइप करायला लागला.

बाई खुर्चीपाशी आल्या.

“पाणी हवंय?”

त्याने खाली, डावीकडे पाहिलं. उजेडाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती. तो बराच वेळ पाहत राहिला.

“हो.”

ग्लास दोन्ही हातांनी धरून तो घटाघटा प्यायला लागला. डोळे मात्र ग्लासच्या काठावरून फटीवरच होते.