तिसरा गिअर

व्याह्यांना त्यांचा जुना ट्रॅक्टर मलाच विकायचा होता. मी मेकॅनिक, सारी हयात गिअरबॉक्स खोलण्यात गेलेली. त्यांनी भरलेली ट्रॉली जोडून समोरच्या चढावर एक फेरी मारून दाखवली. खडखड नाही, घरघर नाही. फक्त तिसरा गिअर टाकल्यापासून त्यांचा गुडघा गिअरच्या दांड्याला घट्ट टेकलेला होता. आतले दाते झिजले की ओझं ओढताना गिअर आपोआप सुटतो. दांडा असा दाबून धरला, तरच टिकतो.

"व्याही, गुडघा जरा बाजूला घेऊन चालवा की," मी म्हणालो.

त्यांनी इंजिनच बंद केलं. माझी लेक पाणी घेऊन येत होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "सूनबाई, तुझ्या वडिलांचा आपल्या घरावर भरवसा दिसत नाही."

लेक जागीच थांबली. ग्लासातलं पाणी तिच्या हातावर सांडलं, तरी तिने मान वर केली नाही.

मी घाईघाईने हसलो. "काय हे व्याही! भरवसा नसता तर पोटची पोर दिली असती का?"

तेही हसले. व्यवहार झाला.

निघताना सगळं घर दारात उभं राहून हात हलवत होतं. फाटक उघडायला लेक पुढे आली. ट्रॅक्टर तिच्याजवळून जाताना चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ती पुटपुटली,

"बाबा, घरी पोचेपर्यंत गुडघा काढू नका."