एका टाक्याचं अंतर

पडद्यावरची अपडेटची पट्टी अर्ध्यावर येऊन अडकली, तशी तिनेही सुई थांबवली.

टीव्हीच्या पडद्यावर तिचा मुलगा होता. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली, कानांवर हेडफोन. पुढ्यात काळा बॉक्स. त्यावर गेम खेळता यायचे आणि खेळता खेळता लोकांना थेट दाखवताही यायचे. या बॉक्सच्या आतला मूळ प्रोग्रॅम बदलणारं नवं अपडेट आलं होतं. ते टाकून घ्यावं की नाही, हे तो बघणाऱ्यांना सांगत होता.

"घाबरू नका, इथे ते जरा रेंगाळतं. फक्त मध्येच वीज बंद करू नका, नाहीतर बॉक्स कामातून जाईल."

त्याचं प्रत्येक वाक्य तिला दोनदा ऐकू यायचं. आधी पाठीमागच्या बंद दारातून, मग टीव्हीतून. कारण तो बसला होता तिच्या खुर्चीमागच्याच खोलीत.

त्याचा जिवलग मित्र ज्या अपघातात गेला, त्यात गाडी हाच चालवत होता. याला खरचटलंही नाही. तेव्हापासून त्याने आतून कडी लावून घेतली. ती दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवायची. ती कामावर गेली की ते रिकामं होऊन सिंकमध्ये यायचं. दार वाजवलं तर आतून "हं" यायचं, तेवढंच. डॉक्टर झाले, मामा येऊन गेला, समजावून झालं, रडून झालं. दार काही हललं नाही.

ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. तिथल्या सोबतिणीने एकदा फोन तिच्यापुढे धरला. "ताई, हा तुमचाच ना हो? हा तर रोज संध्याकाळी बोलतो की!" तिनेच मग घरी येऊन टीव्हीवर ते लावून दिलं. त्या संध्याकाळी कितीतरी महिन्यांनी आईने लेकाचं एक अख्खं वाक्य ऐकलं. बॉक्समधल्या पंख्याच्या घरघरीबद्दल होतं ते. ती तोंडावर हात दाबून ऐकत राहिली.

तेव्हापासून रोजचंच झालं. दुकानातलं शिवण घरी आणायचं, आवाज अगदी बारीक ठेवायचा आणि टाके घालत ऐकायचं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं तर हेही बंद करेल, या धास्तीने ती टीव्हीपुढे कधी साधी खोकलीही नव्हती.

पट्टी हलली, पुढे सरकत टोकाला पोचली. बॉक्स विझला, तसा तोही टीव्हीवरून गेला; बॉक्स पुन्हा लागला, तसा परत आला. तो एकेक गोष्ट तपासू लागला.

"पंखा गप्प झालाय. चित्र अडखळत नाही. बटण दाबलं की गडी लगेच उडी मारतोय. आधी जरा विचार करायचा, मारू की नको." तो किंचित हसल्यासारखा वाटला. तिने पँटचा काठ पुन्हा हातात घेतला.

मग तो थांबला.

"आता एकच राहिलं. माझा आवाज तुमच्यापर्यंत किती उशिरा पोचतो, ते. मला इथे बसून ते कळत नाही. तो होता तेव्हा सांगायचा. त्याच्या घरी बसायचा, एक कान फोनला, एक कान टीव्हीला." त्याने डोळे चोळले. "आता ते सांगणारं कोणी नाही. खाली आकड्यात एक बघणारा दिसतोय, पण तो कधीपासून एकच आहे आणि एक अक्षर बोलत नाही. मशीनचाच घोळ असणार. तर, अपडेट चांगलं आहे, टाकून घ्या. आणि हे शेवटचं. उद्यापासून मी बंद करतोय. भिंतींशी किती बोलायचं माणसाने?"

हे शब्द तिने दारातून ऐकले आणि टीव्हीतून पुन्हा ऐकले. दुसऱ्यांदाही ते तेच होते.

आतून वायरी गुंडाळल्याचा आवाज येऊ लागला.

ती गप्प राहिली तर उद्यापासून घर मुकं होणार होतं. बोलली तर कदाचित आत्ताच. उठून दार वाजवावं, तर ते काय कमी वेळा वाजवून झालं होतं? तिने रिमोट उचलला. पडद्यावर अक्षरांची जाळी उघडली. तिथे तिने कधी काही लिहिलं नव्हतं. बाण हव्या त्या अक्षराच्या पुढे निघून जायचा, ती त्याला मागे आणायची. काय लिहावं हा प्रश्न मात्र पडला नाही. त्याने जे विचारलं होतं ते साऱ्या जगात तिलाच ठाऊक होतं. सेकंद तिने कधी मोजले नव्हते. तिच्याकडे तिचं माप होतं.

"आवाज आधी तीन टाके मागे यायचा. आज एकच."

तिने बटण दाबलं.

वायरींचा आवाज थांबला.

"टाके?" दारातून आलं. अगदी हळू.

"टाके?" टीव्हीने विचारलं.

मग मागे खुर्ची करकरली. तिला वळून बघायचा धीर झाला नाही. ती पडद्याकडेच बघत राहिली. तिथे तो अजून बसलेलाच होता, नाक जवळजवळ स्क्रीनला लावून, ओठ हलवत, ती ओळ पुन्हा एकदा वाचत. मग त्याने हेडफोन काढले, आणि पडद्यावर तो खुर्चीतून नुकता उठत होता, तोच तिच्या पाठीमागे कडी निघाली.